तुझ्या तीन हाका

डोमा, तुझी तेरवी झाली त्याच्या पुढच्या रविवारी शर्यतीची मंडळी माझ्याकडे आली होती. थंडीतली आपली शर्यत यंदापासून तुझ्या नावानं घ्यायची, असं त्यांनी ठरवलं आहे. एक छोटी स्मरणिका काढायची आहे आणि तिचं पहिलं पान मी लिहावं, असं सगळ्यांचं म्हणणं. "तुमच्याइतकं त्याले कोन ओळखते, मास्तर?" एकजण म्हणाला. "अन् कानात यंत्र घालून धावाचं नाई, हा नियम काऊन झाला तेही लिवा. नव्या पोरायले माहीत नाई."

मी हो म्हटलं. तेव्हापासून कागद समोर घेऊन बसतो आणि उठतो. तो नियम का झाला हे तू दरवर्षी शर्यतीच्या आधी सगळ्यांना सांगायचास. पण तुला ते माहीतच नव्हतं. ते मला एकट्याला माहीत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही.

स्मरणिकेत लोक माणसाचं जन्मगाव, शिक्षण, नोकरी लिहितात. तुझं ते सारं दोन ओळींत संपेल. तू पोष्टात डाकेची थैली पोचवायचास, आणि त्या जागेचं सरकारी नाव रनर. "सरकारनं माह्या नावापुढं रनर लिवलं," तू म्हणायचास, "अन् सारे रनर चालत जातेत. हे बेइमानी झाली ना. मी आपला धावतो." गोंडपिपरीहून आतल्या तीन गावांची डाक खांद्यावर टाकून तू खरंच धावत जायचास. लोक म्हणायचे, डोमाच्या हाती आलेलं पत्र गरम असते.

मी शाळेत जायच्या आधी आणि तू थैली घ्यायच्या आधी, अकरा वर्षं आपण जंगलाच्या रस्त्यानं धावलो. तू पुढं, मी मागं, किंवा मी पुढं आणि तू मागं. बोलणं जवळजवळ नाहीच. मैलाचा दगड आला की मागच्यानं एक हाक द्यायची आणि पुढच्यानं "हो" म्हणायचं. ही रीत तू तलावावरून आणली होतीस. तुम्ही ढिवर लोक धुक्यात जाळं ओढताना एकमेकांना तसंच सांभाळता. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणारे आपल्याकडचे सगळेच ती रीत पाळतात. एक हाक म्हणजे मी इथं आहे, तू आहेस का? दोन हाका म्हणजे थांब. तीन हाका म्हणजे हातातलं टाक आणि परत ये. तिसऱ्या हाकेला कुणी कारण विचारत नाही. अस्वल असेल, साप असेल, नुसता पाय मुरगळला असेल. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा जंगलात तिसऱ्या हाकेला वळतात. मी लहानपणापासून हे पाहत आलो आहे. न वळलेला माणूस मी पाहिला नव्हता.

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी माझा मेहुणा मस्कतहून आला आणि त्यानं मला वॉकमन दिला. कमरेला अडकवायची डबी, आत कॅसेट, डोक्यावरून तार आणि कानांवर स्पंजाच्या दोन गोल चकत्या. दुसऱ्या दिवशी मी तो लावूनच रस्त्यावर आलो. तू माझ्याभोवती एक चक्कर मारलीस.

"हे का घातलं बे कानावर? कान दुखून राह्यले का?"

"गाणी आहेत. लावून बघ."

तू लावलास आणि निघालास. वीस पावलं गेला असशील. मधेच उभा राहिलास, काढून माझ्या हातात दिलास. "माहे पायच हरपले, मास्तर. कुठी पडून राह्यले कळतच नाई."

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचो, गाणी असली की मैल कसे सरतात ते कळत नाही. तू म्हणायचास, "अन् सरले मंग का करतं? मैलासाठीच तर उठलो ना एवढ्या सकायी." मी म्हणायचो, चढावर दम लागत नाही. त्यावर तू मला जे सांगितलंस ते आजही शब्दन् शब्द आठवतं. "दम लागते, फक्त तुले आयकू येत नाई. मले येते. सपाटीले तुहा श्वास चार पावलांवर राह्यते. चढावर तीनवर. दोनवर आला का मी समजतो, मास्तर थकला. मंग मी हळू होतो. तुले वाटते आज तू माह्या बरोबरीनं धावून राह्यला."

हे ऐकून मी लाजलो होतो. अकरा वर्षं तू माझ्यासाठी हळू होत होतास, आणि ते मला माहीत नव्हतं. त्या लाजेचा पुढं राग कधी झाला, मला सांगता येणार नाही. तू हसत पुढं म्हणालास, "तू गानं आयकशीन, तं माहा दम कोन आयकन?"

"तुला दम लागतो कधी?"

"लागन ना एखाद दिवशी. मानूसच हाये."

शर्यतीत तू दरवर्षी पहिला आणि मी सात वर्षं दुसरा. शाळेत हेडमास्तर चहा पिता पिता विचारायचे, "मास्तर, दुसऱ्या नंबराची पाटी रंगवून घेता का एकदाची? दरवर्षीचा खर्च वाचेल." सगळे हसायचे, मीही हसायचो. घरी आल्यावर मला ते हसणं आठवायचं. मी पस्तिशी ओलांडली होती. एकदा, फक्त एकदा, पहिला यावं असं मला वाटत होतं. यात वाईट काही नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

त्या वर्षी शर्यतीच्या पंधरा दिवस आधी तुला हिवताप आला. तू उठलास तेव्हा गालफडं बसली होती. सगुना वहिनींनी तुला धावू नको म्हणून सांगितलं. तू म्हणालास, "मास्तरले एकट्याले कसा सोडू? त्याचे कान भरले राह्यतेत." आणि तू आलास.

शर्यत पंधरा मैलांची. गोंडपिपरीहून निघायचं, पोंभुर्ण्याच्या बाजूला जंगलनाक्यापर्यंत जायचं आणि फिरून यायचं. मी वॉकमन लावला होता. पहिले चार-पाच मैल गाणी नीट वाजली. मग आवाज जड होऊ लागला, गाणारी बाई पुरुषासारखी गाऊ लागली, नंतर म्हशीसारखी. नाक्याच्या थोडं अलीकडे ती थांबली. सेल संपले होते. मी तार डोक्यावरून काढली नाही. आधी धावता धावता काढायचा आळस केला. स्पंजातून सगळं ऐकू येतं, डोमा. ज्यांनी ते यंत्र वापरलं त्यांना हे माहीत आहे. तू वीस पावलांत काढून दिलंस, म्हणून तुला माहीत नव्हतं.

नाक्यावरून वळलो तेव्हा तू माझ्या मागे होतास. बाकीचे अर्धा मैल तरी मागे. आणि मला तुझा श्वास ऐकू येऊ लागला. कितीतरी महिन्यांनी मी तो ऐकत होतो. सपाट रस्ता होता आणि श्वास तीनवर होता. थोड्या वेळानं दोनवर आला.

तू मला हे शिकवलंस ते मी थकलो की तू हळू व्हावंस म्हणून. मी ते कशासाठी वापरलं ते लिहितो. तुझा श्वास दोनवर आला हे कळल्याबरोबर मी वेग वाढवला.

दगड आला. तू हाक दिलीस, "मास्तर हो." मी ओ दिली नाही. आवाजावरून किती अंतर पडलं ते तुला कळलं असतं, म्हणून दिली नाही. ती रोजची हाक होती, ती मी मोजत नाही. त्यानंतर नाल्यावरचा रपटा, तो बुटका दगडी पूल, लागला. बांबूच्या ट्रकांनी त्याची कड फोडली होती, दगड निघाले होते. मी उडी मारून गेलो, वळणावरून पुढं झालो. मागं दगड खडखडल्याचा आवाज आला आणि तुझी पावलं थांबली.

मग पहिली हाक आली. माझे पाय मंदावले. मी थांबत होतो, हे खरं आहे.

दुसरी हाक आली. मी चालीवर आलो. झाडांतून तू दिसत नव्हतास. मागची माणसं येतीलच, ती तुला उचलतील, असा हिशेब माझ्या डोक्यात तयारच होता. तो कधी केला ते मला कळलं नाही. साडेतीन मैल राहिले होते. माझ्या पुढं कुणी नव्हतं.

तिसरी हाक आली. तुझा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यात दुखणं होतं, पण भीती नव्हती. जो येणारच आहे अशा माणसाला मारलेली हाक होती ती.

मी कानांवरच्या चकत्या हातानं घट्ट दाबल्या आणि धावत सुटलो.

शाळेच्या मैदानात माझ्या गळ्यात हार पडला. कुणीतरी विचारलं, "डोमा कुठी हाये?" मी कानांकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "मागे असेल. मला यात काही ऐकू येत नाही." बस. एवढंच खोटं मी बोललो. बाकीचं सगळं तू माझ्यासाठी बोललास.

मागून आलेल्या दोघांनी शर्यत सोडून तुला उचललं आणि ट्रकात घालून आणलं. तुझा घोटा भोपळ्याएवढा सुजला होता. मी धावत तुझ्याजवळ आलो. माझ्या गळ्यात अजून हार होता. तू माझ्याकडे पाहिलंस, मग माझ्या मानेवर लोंबणाऱ्या तारेकडे पाहिलंस, आणि तुझ्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. "आता समजलं," तू म्हणालास. "मी इचार करून राह्यलो होतो, मास्तर काऊन नाई आला. त्या खोक्यानं आयकू नाई देल्लं तुले."

मी होकारार्थी मान हलवली.

घोटा वाकडाच बसला. तू पुन्हा धावला नाहीस. थैली सायकलवर घेऊन जाऊ लागलास, आणि आतल्या गावांतले लोक म्हणू लागले, डोमाचं पत्र आता थंड होऊन येते. ते तूच मला हसत सांगितलंस. वाकडा पाय पेडलवर टेकवून तू सकाळी माझ्या मागे सायकल चालवायचास, माझ्यासाठी. दगड आला की हाक द्यायचास. मी "हो" म्हणायचो. वॉकमन मी त्याच आठवड्यात मेहुण्याच्या घरी परत देऊन टाकला. तुला वाटलं मी तुझं ऐकलं. तू सगळ्यांना सांगितलंस, मास्तर सुधारला.

त्यानंतर दर थंडीत तू सुरुवातीच्या रेघेवर उभा राहायचास. चंद्रपूरहून आलेल्या एखाद्या पोराच्या कानांवर यंत्र दिसलं की लंगडत त्याच्यापाशी जायचास. "काढ बावा ते. गानं घरी आयक, भाकर खाता खाता आयक. इथी सोबत्याले आयकाचं राह्यते." पोरं कुरकुरायची. मग तू तुझा पाय दाखवायचास आणि गोष्ट सांगायचास. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवायचास. "मास्तरचा दोष नाई, हां. मास्तर देवमानूस हाये. त्याच्या कानात ते नसतं, तं हा पहिला नंबर फेकून आला असता."

पाच वर्षं. पाच वेळा मी तुझ्या हाताखाली उभा राहिलो. त्या बिचाऱ्या यंत्राची बाजू घेऊ शकणारा मी एकटाच साक्षीदार होतो, आणि मी गप्प होतो.

एकदा मी सांगायला आलो होतो. तू तलावाच्या काठावर जाळ्याची भोकं विणत होतास. मी म्हटलं, "डोमा, त्या शर्यतीचं एक बोलायचं आहे." तू सुई दातांत धरून म्हणालास, "आता त्याले का बोलाचं? पाय माहा वाकडा झाला अन् तोंड तुहं वाकडं झालं. हास जरा." मी हसलो. किती सोपं करून द्यायचास तू, आणि किती आनंदानं मी ते घ्यायचो.

तू माझ्यावर संशय घेतला असतास तर मी कधीतरी फुटलो असतो. भांडलो असतो, खोटं बोललो असतो, शेवटी कबूल झालो असतो. पण तुला संशय आलाच नाही. तू मला मोठ्या मनानं क्षमा केलीस असंही नाही. क्षमा करण्यासारखं काही घडलं आहे हेच तुला ठाऊक नव्हतं. तीन हाका ऐकून माणूस वळत नाही, ही गोष्ट तुझ्या डोक्यात मावतच नव्हती. मग दोष द्यायला उरलं ते यंत्र.

यंदाच्या पावसाळ्यात ताप तुझ्या डोक्यात गेला. तिसऱ्या दिवशी वहिनी पाणी आणायला उठल्या आणि मी तुझ्याजवळ एकटा होतो. तुझे डोळे अर्धे उघडे होते. तू श्वास घेत होतास आणि मी मोजत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हटलं, "डोमा." तू म्हणालास, "हो." इतकं साफ. त्याच्यापुढं मला एक वाक्य बोलायचं होतं. मी तुझ्या ओठांवर कापूस फिरवला. वहिनी आल्या. चौथ्या दिवशी तू गेलास.

काल दुपारी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात झिंगे वाळत घालत होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. सेल, स्पंज, रपटा, हाका. काही गाळलं नाही. त्यांचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी मला निरखून पाहिलं.

"मास्तर, तुमी जेवले कवा?"

"वहिनी, मला ऐकू आलं होतं."

"नाई आलं."

"तिन्ही वेळा आलं."

"नाई आलं म्हनते ना मी. तीन हाका आयकून कोनी पुढं निघून जाते का? वैरी नाई जात." त्यांनी पदराला हात पुसले. "असं होते मानसाले. माही सासू गेली तवा मले महिनाभर वाटे, मीच तिले पानी कमी पाजलं. दुःख मनात काईबाई लिवते. तुमी मनाले लावून नका घेऊ. उठा, हात धुवा. भात झाला."

ज्या घरात तुझ्या बापानं मला, बौद्धाच्या पोराला, ओट्यावर वेगळं बसवलं होतं, आणि तू माझ्याजवळ येऊन बसलास, माझ्याच पानात हात घातलास म्हणून मार खाल्लास, त्या घरात आता तुझी बायको मला चुलीजवळ पाट मांडत होती. मी पुन्हा सांगायला हवं होतं. ओरडून सांगायला हवं होतं.

मी हात धुतले, डोमा. त्यांनी वाढलं आणि मी जेवलो.

म्हणून हे लिहिलं. मंडळींना माझी एकच विनंती आहे. तो नियम तसाच ठेवा. यंत्राचा काही अपराध नव्हता, पण नियम ठेवा. शर्यतीत माणसाला मोह पडतोच. तेव्हा खोटं बोलायची इतकी सोपी सोय त्याच्या कानांवर असू देऊ नये. आणि माझ्या नावापुढं त्या वर्षीचा पहिला नंबर लिहिलेला आहे तो खोडून टाका.

सगुना वहिनींचं राहिलं. माझ्या तोंडचं त्या मानत नाहीत. पण प्रौढांच्या वर्गात त्या आता वाचायला शिकल्या आहेत, आणि छापलेलं खरं असतं असं त्यांना वाटतं. तसं मीच त्यांना वर्गात सांगितलं होतं. बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून वाचतात. जोडाक्षरापाशी अडतात. तेव्हा स्मरणिका हातात आली की हे पान त्यांना सगळं वाचता येणार नाही. म्हणून शेवटच्या ओळी त्यांच्यासाठी सोप्या करून लिहितो. त्या वाचून झाल्यावर तुझ्या घरी मला कुणी हात धुवा म्हणणार नाही. ते तसंच व्हायला हवं.

सगुना वहिनी, कानात गाणं नव्हतं. डोमा मला हाक मारत होता. तीन वेळा. मला ऐकू येत होतं. मी वळलो नाही.